समुद्राकाठचा माळ

परीक्षा जवळ आली की मला वारा आठवतो. पुण्यातला नव्हे. एप्रिलमध्ये पुण्यात वारा असतो कुठे? खोलीतला पंखा वरची गरम हवा खाली आणतो आणि खालची वर नेतो, तेवढाच. मला आठवतो तो स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा वारा. तो माझ्या अंगाला कधीच लागलेला नाही. पण बहुतेक दिवस तो कुठून येतो, कुठल्या मैदानावर जाताना पाठीशी असतो आणि परतताना तोंडावर, हे मला अजून पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करता करता मी हे पाठ केलं. अभ्यासक्रमात ते नव्हतं.

यंदा पुन्हा खिडकीबाहेरच्या कडुनिंबाचा मोहोर वहीवर पडायला लागला आहे. खालच्या रसवंतीचे घुंगरू दिवसभर वाजत असतात. आणि काल दुपारी आप्पांचा मेसेज आला. ‘रविवारी येतीस का? यंदा आयर्लंड. पश्चिम किनारा. तू बघून दिलं की काळजी नसते.’

मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय उत्तर द्यावं ते कळत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे. मला नीट सांगता येईल की नाही, तेही माहीत नाही.

आप्पा माझे सख्खे चुलते. आम्ही खराडीचे. खराडी म्हटलं की आता लोकांना काचेच्या इमारती आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवून चहा पिणारी मुलं आठवतात. आम्हाला आमचं रान आठवतं, कारण ते अजून तिथेच आहे, नदीच्या काठाला. तिन्ही बाजूंनी काचा आणि मध्ये आमची मेथी. माझे वडील, त्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, ते रान अजून कसतात. त्याच्यावर काही बांधता येत नाही. ते पूररेषेत आहे. आप्पांच्या वाट्याला मात्र वरचा माळ आला होता. त्या माळावर आता एक मोठं ऑफिस आहे, त्याच्या शेजारी आप्पांचा बंगला आहे, आणि बंगल्याच्या गच्चीवर जाळी लावून गोल्फचा सराव करायची जागा आहे.

आप्पा गोल्फ शिकले ते त्यांच्या भागीदारांमुळे. बांधकामातले हे दोघे भागीदार सगळे महत्त्वाचे निर्णय मैदानावर चालता चालता घेतात, हे आप्पांच्या लक्षात आलं. मग त्यांनी गांधी टोपी काढली आणि गोल्फची टोपी घातली. रंग पांढराच राहिला, फक्त पुढे झडप आली. त्यांच्याबरोबर ऋतुजाही शिकली. ऋतुजा त्यांची मुलगी, माझ्याहून चार महिन्यांनी धाकटी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेल्या आम्ही दोघी पहिल्याच. ती इंग्रजी माध्यमाच्या मॅनेजमेंट कॉलेजात गेली. मी सदाशिव पेठेत एका काकूंकडे खोली घेऊन भूगोल शिकायला लागले.

लहानपणी आमच्या दोघींचे हात सारखे होते. कोथिंबिरीच्या जुड्या बांधून दोघींच्या बोटांना एकच हिरवा वास यायचा. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत ती मला तिच्या गच्चीवर घेऊन गेली तेव्हा तिने डाव्या हातातला मोजा काढला आणि मी बघतच राहिले. गोल्फ खेळताना एकाच हातात मोजा घालतात. त्यामुळे तिचा उजवा हात उन्हाने रापलेला होता आणि डावा हात मनगटापासून खाली गोरा, मऊ, जणू दुसऱ्याच कुणाचा.

“काय बघतेस गं?” ती म्हणाली.

“काही नाही. तुझा हात.”

“अगं, सगळ्या गोल्फर्सचा असाच होतो. सो फनी ना?”

मला ते फनी वाटलं नाही. आप्पांचा बंगला, ऋतुजाची गाडी, तिचे पुण्याबाहेरचे वाढदिवस, या सगळ्याची मला सवय झाली होती. हेवा वाटायचा, पण तो दुकानाच्या काचेतली वस्तू बघून वाटतो तसा, पुढे चाललं की मागे राहणारा. हा हात माझ्याबरोबर खोलीवर आला. रात्री जेवताना मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. तो उजव्यासारखाच होता.

त्याच आठवड्यात आप्पांनी मला बोलावून घेतलं. भागीदारांनी जूनमध्ये स्कॉटलंडला जायचं ठरवलं होतं. समुद्राकाठच्या मैदानांवर खेळायचं. आप्पा म्हणाले, एजंटाकडे दिलं की तो सगळ्यांना नेतो तिथंच नेतो, आपण आपलं बघू.

“पण आप्पा, मला गोल्फमधलं काय कळतं?”

“तुझा विषय भूगोल न्हवं? मग समुद्र तुझ्याच पुस्तकात आसंल की.”

समुद्र माझ्या पुस्तकात होताच. पुळण, वालुकागिरी, सागरी कमान, सगळ्यांच्या आकृत्या मी पेन्सिलीने काढल्या होत्या, आणि खरा समुद्र एकदाही बघितला नव्हता. आमच्याकडे दोन म्हशी होत्या. ज्यांच्याकडे म्हशी असतात त्यांना धार काढायला संध्याकाळी घरी असावं लागतं, आणि समुद्र बघून संध्याकाळी घरी येता येत नाही. याहून मोठं कारण नव्हतं.

जेवायला बसल्यावर आप्पा घास घेता घेता म्हणाले, “वैशे, तू पण चल आमच्यासंगं. तिथं बोलायला कोण हाय?” ऋतुजाच्या आईने त्यांच्या ताटात आमटी वाढली. आप्पा आमटीकडे वळले. तेवढंच. पण त्या क्षणापासून तो सगळा उन्हाळा माझा झाला.

मी कामाला लागले. दर शनिवारी दुपारी पेठेतून बस पकडून खराडीला जायचं, आप्पांच्या दिवाणखान्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचं. वर गच्चीवर ऋतुजाचा सराव चाललेला असायचा. टक्, मग थोडी शांतता, मग टक्. काचेच्या पेल्यात कैरीचं पन्हं. मी वाचत जायची. ही समुद्राकाठची मैदानं म्हणजे लिंक्स. समुद्र आणि शेत यांच्या मधली वाळूची, उंचसखल जमीन. तिच्यात नांगर चालत नाही, झाड तगत नाही. वर आखूड, चिवट गवत. शेतीच्या कामाची नाही म्हणून गावाने मेंढ्यांना सोडलेली. मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा शोधून वाळूत बसायच्या, तिथे खड्डे पडले, आणि त्या खड्ड्यांचेच पुढे खेळातले बंकर झाले, असं म्हणतात. खरं खोटं माहीत नाही. पण मला ते पटलं. दादांच्या रानात दर वर्षी मेंढरं बसवतात. कोकणात गेलेले मेंढपाळ पावसाळ्याआधी परत फिरतात तेव्हा नदीकाठाने येतात, आणि खतासाठी चार रात्री आमच्या रानात कळप बसतो. मेंढरं उठून गेल्यावर जमिनीवर त्यांच्या अंगाचे गोल उमटलेले असतात.

आणखी एक गोष्ट वाचली होती. त्यातल्या बऱ्याच मैदानांची जमीन अजून गावाची आहे. खेळणारे खेळतात, पण गावातला कुणीही माणूस तिच्यावरून चालत समुद्रापर्यंत जाऊ शकतो. कुत्रं घेऊन, पोरं घेऊन. कुणी अडवत नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. मी तिथे चालत होतेच ना, मनातल्या मनात.

मी दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं ठरवलं. पहिली दोन मैदानं सोपी, म्हणजे आप्पांचा धीर खचणार नाही. तिसऱ्या दिवशी विश्रांती, कारण वाऱ्यात चालून पाय दुखतात असं सगळेच लिहितात. शेवटी एक लहानसं मैदान, एका कोळ्यांच्या गावाबाहेरचं. त्याचं नाव कुठल्याच एजंटाकडे नव्हतं. ते मीच शोधलं होतं, उपग्रहाच्या नकाशावर किनारा सरकवता सरकवता. त्यावर माझा जीव जडला. पहिल्या फटक्याची जागा उंचावर. समोर उतार. डावीकडे वाळूची टेकडी, तिच्यावर जूनपर्यंत पिवळी फुलं. खाली एक ओढा आडवा जातो आणि वळून समुद्राला मिळतो. ओढ्यापलीकडे झेंडा. झेंड्यामागे काहीच नाही, फक्त पाणी. मी त्या मैदानावर इतक्या वेळा फिरले की प्राकृतिक भूगोलाच्या पेपराच्या आदल्या दिवशी नदीच्या वळणाची आकृती काढताना मी तोच ओढा काढला.

गाडीसुद्धा मीच बघितली. गोल्फच्या पिशव्या लांब असतात. त्या चार ठेवल्या तर मोठ्या गाडीतही माणसं चारच बसतात. मी ते आप्पांना समजावून सांगितलं. आप्पा म्हणाले, “शाब्बास. हे एजंटानं सांगितलं नसतं.” आणि मला मान वर करून बघायचंही सुचलं नाही. शाबासकी मिळाल्याच्या आनंदात मी हिशेबात आपण आहोत की नाही, हे बघितलंच नाही.

मध्ये माझा पासपोर्ट निघाला. चौकशीला पोलीस खराडीच्या घरी आला तेव्हा गल्लीला वाटलं, वैशालीचं परदेशात जमलं. आईला दोन दिवस बायका विचारत होत्या, मुलगा काय करतो? पेठेतल्या काकूंना मी घाबरत घाबरत सांगितलं की जूनमध्ये कदाचित मी समुद्र बघायला जाणार आहे, स्कॉटलंडला.

काकू शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

“समुद्र बघायला हल्ली पासपोर्ट लागतो का? आमच्या वेळी एस. टी. लागायची.”

“गोल्फसाठी जाणार आहेत ना सगळे.”

“गोल्फ म्हणजे तो विटीदांडूच. फक्त विटी उचलायला नोकर असतो.” मग शेंगांची टरफलं गोळा करत त्या म्हणाल्या, “जा हो. पण जाण्याआधी नळ नीट बंद करत जा.”

एका शनिवारी दादा आप्पांकडे आले. हातात कोथिंबिरीच्या जुड्या. ते आप्पांकडे येताना कधी रिकाम्या हाताने येत नाहीत, आणि आत येताना चपला फार लांब काढतात. माझ्यामागे उभं राहून त्यांनी पडद्यावरचं चित्र बघितलं. राखाडी आभाळ, पिवळट गवत, उंचवटे.

“हे कुठलं रान?”

“रान नाही दादा. गोल्फचं मैदान आहे. इथेच जायचंय.”

“ह्यात पिकतं काय?”

“काहीच नाही.”

“मग भाव आसंल चांगला,” दादा म्हणाले. “जिथं काय पिकत न्हाई, तिथंच भाव येतो.”

आप्पा हसले. पण ते हसणं मध्येच थांबलं. वर गच्चीवर टक् आवाज झाला. आप्पा म्हणाले, “दादा, बसा की. ऋतुजाची आई चहा टाकती.” दादा म्हणाले, म्हशींची वेळ झाली. ते गेल्यावर कोथिंबिरीचा वास दिवाणखान्यात खूप वेळ राहिला, आणि मला, का कुणास ठाऊक, त्या वासाची लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला, आणि तो राग मी दादांवर काढला, मनात.

मे महिन्यात, माझे दोन पेपर व्हायचे होते तेव्हा, मैदानांकडून खेळणाऱ्यांची नावं मागवण्यात आली. आप्पा सोफ्यावर बसून सांगत होते आणि मी टाइप करत होते. त्यांचं नाव. ऋतुजाचं. एका भागीदाराचं. दुसऱ्याचं. मी पाचवं नाव येईल म्हणून बोटं तशीच ठेवून थांबले.

“झालं. पाठव,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, तिथे बोलायला…”

“ऋतुजा हाय की. फाडफाड बोलती आता.”

ऋतुजा समोरच बसली होती. मोजा काढून बोटं मोडत होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिला काहीही माहीत नव्हतं हे मला दिसलं. आप्पांनाही माहीत नव्हतं. ते वाक्य त्यांनी फेब्रुवारीत आमटीबरोबर गिळून टाकलं होतं. वाईट वागलं असतं कुणी तर रागवायला जागा होती. गाडीत जागा नाही, हेही मीच सांगितलेलं. मी पाठवलं. पन्हं अर्धं ठेवून उठले.

त्या संध्याकाळी मी पेठेत न परतता नदीकडे गेले. दादा म्हशींसाठी कडवळ कापत होते. मी बांधावर उभी राहिले आणि म्हणाले, “तुम्ही वाटेच चुकीचे केलेत.”

हे मी लहानपणापासून मनात म्हणत आले होते, मोठ्याने पहिल्यांदाच. आमच्याकडे पद्धत आहे. जमिनीची वाटणी होते तेव्हा थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. जो वाटा तो कमी ठेवील तोच त्याच्या गळ्यात पडणार. दादा थोरले. एका बाजूला त्यांनी नदीकाठचं हे काळं, कसदार रान ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला माळ, विहिरीसकट. आप्पांनी माळ उचलला. मग काही वर्षांनी त्या बाजूने रस्ता आला.

दादांनी विळा बांधावर ठेवला. “चुकीचे कशानं? बराबर होते तवा. माळाला कोण इचारत होतं? म्हणून तर हीर त्याच्या बाजूला टाकली.”

“मग आप्पांनी काळं रान का नाही उचललं? कुणीही तेच उचललं असतं.”

त्यांनी कापलेल्या कडवळाची पेंढी बांधली. रानापलीकडच्या काचांवर ऊन उतरलं होतं. मग म्हणाले, “उचलायच्या येळेला त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. माझा जीव ह्या रानात हुता. भ्या वाटत हुतं, आता हे जातंय. त्यानं बघितलं आन् माळाकडं हात केला. समदी हसली त्याला. तुझी आई सुदीक.”

“म्हणजे त्यांनी तुमच्यासाठी…?”

“मला काय म्हाईत. म्या इचारलं न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई.” त्यांनी विळा उचलला. “वाटे करणाऱ्यानं येवढंच बघायचं, की उरंल त्यात आपलं मन लागंल. माझं लागलं.”

मला हे ऐकून शांत वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट वाटलं, आता हेव्यालाही आधार उरला नाही. आप्पांना नशिबाने मिळालं, फसवून मिळालं, असं काहीतरी धरून मी जळत होते. त्यांना ते बहुधा चांगुलपणाने मिळालं होतं. चांगुलपणाने मिळालेल्या गोष्टीवर जळायचं कसं? जळता येतं. मी तेव्हा शिकले. फक्त ते कुणाला सांगता येत नाही.

आणि सारखं एक मनात येई. चार महिन्यांनी का होईना, मी थोरली. मी वाटे केले. एकेक मैदान, एकेक दिवस, वारासुद्धा बघून. धाकटीने उचलला. मग जो उरला त्यात माझं मन का लागत नाही? उरलं तरी काय होतं? एक कोरा पासपोर्ट आणि एक पाठ झालेला किनारा.

ते चौघं जूनच्या सुरुवातीला गेले. ऋतुजा रोज फोटो पाठवायची. मी बघायची आणि अंगठा दाखवायची. फोटोतल्या तिच्या डाव्या हाताकडे आधी नजर जायची. माझे पेपर झाले होते, मी खराडीला घरी होते, आणि त्या दिवसांत मेंढरं आली होती. लोकरीचा ओला, उग्र वास रानभर. कोकणातून आलेली ती मेंढरं. मी त्यांच्याकडेही जळजळीत नजरेने बघायची. तुम्हीसुद्धा समुद्र बघून आलात.

शेवटच्या मैदानाच्या दिवशी दुपारी मी दादांची भाकरी घेऊन रानात गेले होते. बाभळीखाली कळप दाटीने बसला होता. फोन वाजला. ऋतुजा. त्यांच्याकडे सकाळ. मी व्हिडिओ लावला तर पडदा पांढरा. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

“वैशू, ऐकू येतंय? अगं, काहीच दिसत नाहीये! सगळं व्हाइट आहे!”

धुकं होतं. समुद्रावरून उन्हाळ्यात तिथे धुकं चढून येतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि विसरले होते. वारा बघितला, भरती बघितली, पायांचं दुखणं बघितलं, धुकं राहिलं. आणि मला आनंद झाला. चांगलाच झाला. माझं मैदान त्यांना दिसलं नाही. ते अजून माझ्याशिवाय कुणीच बघितलं नव्हतं.

मागून आप्पांचा आवाज आला. “तिला इचार, पुढं काय हाय. इथं कुत्रं पण न्हाई सांगायला.” लहान मैदान, तिथे पिशवी उचलणारे आणि वाट दाखवणारे कॅडी नसतात. भागीदार गाडीत बसून राहिले होते. परतायचं म्हणत होते.

“तू सांग ना,” ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. लहानपणी अंधारात गोठ्यात जायची वेळ आली की ती असंच म्हणायची, तू पुढे हो ना. “समोर काय आहे?”

मला म्हणता आलं असतं, आठवत नाही. मी तोंड उघडलं तेव्हा नेमकं तेच म्हणणार होते, असं मला वाटतं. पण समोर ते सगळं दिसायलाच लागलं. त्या पांढऱ्या पडद्यामागे नाही, इथे, मेंढरांच्या पलीकडे.

“उंचावर उभी आहेस तू,” मी म्हणाले. “समोर उतार आहे. डावीकडे वाळूची टेकडी. तिकडे मारू नका, झुडपं आहेत, काटेरी. पिवळी फुलं असतील. खाली ओढा आहे, डावीकडून उजवीकडे. ओढ्याच्या अलीकडे थांबवा चेंडू. उजव्या अंगाला जमीन सपाट आहे.”

“उजवीकडं किती?” आप्पा ओरडले.

“आपल्या विहिरीपासून बांध जेवढा उजवीकडे होता ना आप्पा, तेवढं.”

ती विहीर कधीच बुजवली, त्या ऑफिसखाली गेली. पण ती कुठे होती, हे आप्पांना आणि मला आणि शेजारी भाकरी सोडून उभ्या राहिलेल्या दादांना माहीत होतं.

टक्.

“गेला,” ऋतुजा म्हणाली.

“कुठे गेला?”

“काय माहीत! तूच सांग.”

मी हसले. ती पण हसली. मग मी तिला म्हटलं, “ऋतू, फोन समोर धर. बोलू नकोस.” तिने धरला. पडदा पांढराच होता. आधी वाऱ्याची खरखर आली. मग त्या खरखरीमागून, खालून, काहीतरी मोठं श्वास घेतल्यासारखं वर आलं आणि खाली बसलं. पुन्हा वर आलं. दादा माझ्या खांद्याशी वाकले होते.

“समुद्र का?” त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. एक मेंढरू उठून दुसरीकडे जाऊन बसलं. आम्ही दोघं ऐकत राहिलो, फोनची बॅटरी संपेपर्यंत.

यानंतर माझा हेवा गेला, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ते परत आले. ऋतुजाने मला त्या किनाऱ्यावरचा एक शिंपला दिला आणि हसत म्हणाली, तुझं मैदान आम्ही दोघांनी आंधळ्यासारखं खेळलं. तिच्या त्या ‘आम्ही’मध्ये मी होते की नाही, हे मी किती दिवस उकलत बसले. शिंपला माझ्या टेबलावर आहे. त्याच्याकडे बघितलं की दोन्ही होतं, समुद्र ऐकू येतो आणि तो ‘आम्ही’ही. आता मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. ‘किनारी भूरूपं’ याच विषयावर मला पुढच्या वर्षी प्रबंध करायचा आहे. सर म्हणाले, क्षेत्रभेटीला किनाऱ्यावर कुठे कुठे गेलीस? मी म्हणाले, जायचंय. काकूंच्या हिशेबाने एस. टी. अजून सुटते. पण मी गेले नाही. मला वाटतं, मी आधी कोकणात गेले तर उरलेल्या वाट्यात मन लागल्यासारखं होईल, आणि ते मला अजून मान्य नाही.

आणि आता आयर्लंड.

हे इथवर लिहून मी फोन घेतला. मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला. शेवटी आप्पांना एवढंच लिहिलं, ‘येते रविवारी. पण आप्पा, या वेळी वाटे ऋतुजाला करू द्या. मी उचलते.’

पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. कान गरम झाले होते. चुलत्याशी असं कुणी बोलतं का? काकू दारातून म्हणाल्या, “पंखा लावून बसलीस तर निदान खिडकी तरी उघड, वाऱ्याला यायला जागा ठेव.” मी खिडकी उघडली. कडुनिंबाचा मोहोर आत आला.

फोन थरथरला तेव्हा मी लगेच बघितलं नाही. मग बघितलं.

‘तसं कसं? थोरली तू. वाटे तुलाच करायचे.’ आणि त्याखाली, थोड्या वेळाने आलेलं दुसरं, ‘या खेपेला पाच कर.’

मी ते वाचलं. आनंद झाला म्हणावं, तर आधी मनात काय आलं? की खेळतात चारच. पाचव्याच्या डाव्या हाताला मोजा नसतो. तरीही मी लॅपटॉप उघडला आणि सगळ्यात आधी गाडी बघायला घेतली. चार लांब पिशव्या आणि पाच माणसं बसतील अशी. ती मिळते, मी बघितलं. मग पश्चिम किनारा उघडला आणि तिथल्या माळावरून गावातल्या माणसांना चालत समुद्रापर्यंत जाऊ देतात का, ते शोधायला लागले.